फाटलेला आवाज

आमच्या वऱ्हाडात लाउडस्पीकरचा आवाज बिघडला की तो "फाटतो". कापड फाटतं, आभाळ फाटतं, तसा आवाजही फाटतो. लग्नात नवरदेवाच्या काकांनी माईक जवळजवळ तोंडात घालून "जेवल्याशिवाय कोणी जाऊ नये" असं बजावलं की भोंग्यातून जे काही बाहेर पडतं, तो फाटलेला आवाज. गिटारवाले लोक यालाच डिस्टॉर्शन म्हणतात आणि त्यासाठी पैसे मोजतात. मीही मोजलेत. किती ते पुढे ओघात येईलच.

तर माझ्याकडे फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब आहे. 1965 च्या मॉडेलची नवीन आवृत्ती. 22 वॅट, बारा इंची एकच स्पीकर, वजन एकोणीस किलोच्या आसपास. आत नऊ व्हॉल्व्ह: चार 12एएक्स7, दोन 12एटी7, आउटपुटला दोन 6व्ही6 आणि एसीचं डीसी करायला एक 5एआर4. हो, डायोडचं काम करायलासुद्धा व्हॉल्व्ह! चार रुपयांच्या डायोडचं काम काचेच्या बाटलीत विस्तव पेटवून करायचं. आणि या सगळ्याची आजची किंमत दीड-दोन लाखाच्या घरात जाते. आला का आकडा? बरं.

आता हा आवाज चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? इथे माझ्या शनिवार-रविवारच्या सगळ्या उचापती सुरू होतात.

आधी थोडं तांत्रिक. व्हॉल्व्ह म्हणजे कालव्याचं गेट समजा. खाली तापलेला कॅथोड, तो इलेक्ट्रॉन सोडतो. वर प्लेट, तिच्यावर काहीशे व्होल्ट, ती ते ओढून घेते. मधे जाळी, म्हणजे ग्रिड. गिटारच्या पिकअपमधून आलेला इवलासा सिग्नल त्या गेटला वरखाली हलवतो आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर नाचतो. पण गेट पूर्ण उघडलं की त्याहून जास्त पाणी येणार कुठून? तिथे लाटेचा माथा कापला जातो. ट्रान्झिस्टरच्या साध्या सर्किटमध्ये तो विळ्याने कापल्यासारखा सपाट होतो. व्हॉल्व्हमध्ये आधी वाकतो, मग दबतो, मग कापला जातो. गिटारवाल्यांची सगळी भक्ती या "आधी वाकतो" वर उभी आहे.

माथा दबला की मूळ सुरात नसलेले सूर तयार होतात. दुप्पट कंपनांचा म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम, पाचपट म्हणजे आणखी वरचा गंधार. "व्हॉल्व्ह फक्त सम पटीतले सूर देतो म्हणून गोड लागतो" असं सगळीकडे छातीठोक लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीच्या एकट्या व्हॉल्व्हबाबत चालेल, पण माझ्या अँपसारखी आउटपुटला जोडी असेल तर दोघं एकमेकांचे सम पटीतले सूर बरेचसे खोडतात आणि उरतात ते विषम. पंचम आणि गंधार! म्हणजे गोडी फक्त सम आकड्यांत शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि वरचे सूर मुद्दाम जागे करण्याचा आपल्याला एवढा अचंबा वाटायचं कारणच काय? तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात ती कशासाठी? मिरजेचे कारागीर ती घोडी घासून घासून नेमका तोच झणत्कार आणतात. त्या मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे तारेची सरळ साधी लाट आपण स्वतःच बिघडवतो आणि तिला सूर लागला म्हणतो.

फरक एकच. फाटलेल्या अँपमध्ये दोन सूर एकत्र घातले की त्यांची बेरीज-वजाबाकीही बाहेर येते. सा आणि प चं प्रमाण दोनास तीन. वजाबाकी एक, म्हणजे खालचा सा. फुकटात खर्ज! म्हणून रॉकवाले सा-प जोडीच्या प्रेमात असतात. त्याच ठिकाणी सहा तारांचा भरगच्च कॉर्ड वाजवला की नुसता चिखल होतो.

ही फाटण्याची आवड जगालाही ठरवून लागलेली नाही. 1958 च्या सुमाराला लिंक रे नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने स्पीकरच्या कागदाला पेन्सिलीने भोकं पाडली. 1964 साली इंग्लंडात किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँपच्या स्पीकरवर सरळ ब्लेड चालवलं आणि तो आवाज रेकॉर्डवर गेला. म्हणजे आमचा वऱ्हाडी शब्द अक्षरशः बरोबर आहे. फाटलेलाच होता तो.

असो. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये या अँपची अवस्था पिंजऱ्यातल्या वाघासारखी होती. 22 वॅट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हा स्पीकर एका वॅटलाच इतका बोलतो की पूर्ण ताकदीत मीटरभर अंतरावर आवाज 110 डेसिबलच्या आसपास जातो. निवासी भागात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा मर्यादा 55. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका नियम वाचत नाहीत, ते थेट बेल वाजवतात. (जोशीकाका हे नाव बदललेलं आहे. बेल तीच आहे.) आणि अँप दोनवर ठेवला की तो नुसता स्वच्छ, सभ्य, निर्जीव वाजतो. सहाच्या पुढे त्याला जाग येते.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात तो अकोल्याच्या घरी नेला. पहिल्या संध्याकाळी सहावर लावला आणि चमकलो. आवाज वेगळाच! मऊ, जरा लोळत येणारा, सुराची सुरुवात दबलेली आणि मग फुगत जाणारी. दहा मिनिटं मी भारावलेला होतो. मग मल्टिमीटर काढला. प्लगमध्ये 190 व्होल्ट.

मे महिना, संध्याकाळचे आठ, अख्ख्या गल्लीचे कूलर सुरू. दुसरं काय होणार? आता हिशोब करा. 230 च्या जागी 190, म्हणजे 83 टक्के. प्लेटवर चारशेवीसच्या जागी साडेतीनशेच्या आत. फिलामेंटला 6.3 च्या ऐवजी 5.2 व्होल्ट. ताकद वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे 22 वॅटचे राहिले पंधरा. कानाला हा फरक पावणेदोन डेसिबलसुद्धा नाही, कारण आवाज "दुप्पट" वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. पण अँप लवकर फाटायला लागतो आणि जोराचा फटका मारला की आतलं व्होल्टेज आणखी बसतं. एडी व्हॅन हेलनने सत्तरच्या दशकात हेच करायला व्हेरिअ‍ॅक वापरला, मार्शलला 120 ऐवजी सुमारे 90 व्होल्टच द्यायचे म्हणून. अमेरिकेत त्या आवाजावर लोकांनी पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली. आमच्या गल्लीत तो मे महिन्यात घरपोच मिळतो.

मला यात गंमत वाटली, तशी एक टोचणीही लागली. मी तासन् तास ज्याच्या गुणांची चर्चा केली तो आवाज त्या पेटीत किती आणि भिंतीतल्या प्लगमध्ये किती? कारण प्रश्न आता नुसता हौसेचा राहिला नव्हता. पुण्यात एक गिऱ्हाईक तयार होतं. आणि अकोल्याच्या घरावर सोलर बसवायचं चाललं होतं, त्याचा आकडा अँपच्या आकड्याच्या संशयास्पद जवळ. बायकोने विचारलं, "तूच म्हणतोस ना, लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून तोच आवाज येतो?" म्हणतो खरा. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने दुसरं काय म्हणायचं?

मग म्हटलं, चाचणीच घेऊ. पण घ्यायची तर अमरावतीला, मामांकडे.

मामांचा अमरावतीत साउंड सर्व्हिसचा धंदा होता. सत्तरच्या दशकापासून. लग्नं, कीर्तन, भागवत सप्ताह, निवडणुकीच्या सभा, खेड्यापाड्यांतल्या तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थना. सुरुवातीला व्हॉल्व्हचीच मशीन. (अँप्लिफायरला साउंडवाले "मशीन" म्हणतात, हा शब्द मला फार आवडतो.) झाडाला भोंगा बांधायचा, मशीन तापेपर्यंत चहा प्यायचा, मग "हॅलो हॅलो माईक टेस्टिंग". आवाज पारखायची त्यांची कसोटी एकच: शेवटच्या माणसाला शब्द कळला पाहिजे.

अकोल्याहून मूर्तिजापूरमार्गे गाडीने निघालो. हा तोच रस्ता, ज्याच्या 75 किलोमीटरवर 2022 च्या जूनमध्ये 105 तास 33 मिनिटांत डांबर टाकून गिनीज बुकात नोंद झाली. नऊ काचेच्या बाटल्या डिकीत असल्या की रस्त्याच्या गुळगुळीतपणाबद्दल माणूस फार हळवा होतो.

मामांनी अँप टेबलावर ठेवायच्या आधी उलटा करून मागची बाजू पाहिली. पहिला प्रश्न: "स्पीकरची पिन लागली काय? बिना लोडचं चालू नोको करू बे. आउटपुट जळते." पंचाहत्तरीच्या आसपासचा माणूस, निदान वीस वर्षांत व्हॉल्व्हला हात लावलेला नाही, आणि पहिलं वाक्य हे! मला गिटारच्या दुकानात कोणीही ही सूचना दिली नव्हती. मग म्हणाले, "आन बंद केल्यावरही आत हात नोको घालू. कंडेन्सर चार्ज ऱ्हायते. एक हात खिशात ठेवत जाय." शंभर टक्के खरं. चारशे व्होल्ट स्विच बंद केल्यावरही आत दबा धरून बसलेले असतात.

मी वाजवलं. सहावर. व्हरांड्यातली कबुतरं उडाली. मामा डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, लागली तार. डोळे उघडून म्हणाले,

"बाबू, हे त फाटून ऱ्हायलं."

"मामा, तेच तर पाहिजे असतं याला."

"कायले?"

या "कायले" ला उत्तर देताना मी सम-विषम, जवारी, डेव्ह डेव्हिस सगळं सांगून पाहिलं. जवारीशी मामा थांबले. "जवारीत तार नाही फाटत. तार बोलते," म्हणाले. मग खात्री करायला त्यांनी जुना माईक काढला, जुगाड करून अँपला जोडला आणि त्यात दोन वाक्यं बोलले. बाहेर आला तो रजईखालून बोलल्यासारखा आवाज. यात नवल नाही. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढे जवळजवळ मुका असतो आणि आपला स, श, च तिथेच राहतो. मामांनी निकाल दिला: शब्द कळत नाही, मशीन नापास.

चाचणी मात्र त्यांनी मनापासून घेऊ दिली. घरातला स्टॅबिलायझर लावून 230 व्होल्ट केले. आधी रेकॉर्डिंग: तोच तुकडा एकदा अँपमधून माईक लावून, एकदा सॉफ्टवेअरमधून. दोन्हींची पातळी नीट जुळवली, कारण एकच डेसिबल जास्त असलेला आवाज माणसाला नेहमी "जास्त चांगला" वाटतो आणि अँप विकणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मामेबहिणीची मुलगी लॅपटॉपवर नाणं उडवून ठरवत होती, मी हेडफोन लावून ओळखत होतो. वीसपैकी अकरा. म्हणजे मी उठून चहा प्यायला गेलो असतो आणि नाण्यालाच उत्तरं द्यायला सांगितली असती तरी चाललं असतं.

मग हाताने वाजवून. पाठ फिरवून उभा, एकदा अँप, एकदा सॉफ्टवेअर पॉवर्ड स्पीकरमधून, पातळी पुन्हा जुळवलेली. वीसपैकी चौदा. नुसत्या नशिबाने निदान चौदा बरोबर यायची शक्यता पावणेसहा टक्के निघते. संशोधन छापणारे पाच टक्क्यांची रेघ मारतात, म्हणजे मी रेघेच्या जरा अलीकडे लटकलेला. सॉफ्टवेअरच्या उशिराचं कारणही देता येत नाही. सहा मिलिसेकंद उशीर म्हणजे अँपपासून दोन मीटर लांब उभं राहणं, तेवढं तर आपण एरवीही असतो. आणि चौदापैकी किती वेळा मला अँपच्या बारीकशा हमिंगने चुगली केली, देव जाणे.

मामांना विचारलं, तुम्हाला कोणता आवडला? म्हणाले, "दोन्ही फाटलेलेच होते ना बे."

इथे एक सांगायला हवं. चाळीस वर्षं भोंग्यांखाली काढल्यामुळे मामांना वरचं फारसं ऐकू येत नाही. पण या स्पीकरलाही वरचं बोलता येत नाही, त्यामुळे दोघांची जोडी छान जमली होती. उलट माझ्या कानांचाच मला जास्त संशय येतो, कारण त्या कानांनी दोन लाख भरलेले आहेत.

संध्याकाळी मी उगीच काहीतरी हळू वाजवत बसलो होतो. अँप तसाच सहावर, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. बोटांनी हळू छेडलं की काचेसारखा स्वच्छ सूर, मधेच एखादा जोरात. मामा कांदा चिरता चिरता थांबले.

"पुन्हा वाजव. हळू... आता जोरात."

वाजवलं.

"हळू वाजवलं त साफ. जोरात वाजवलं त फाटते. बटन त तू हलवलंच नाही."

"नाही."

"म्हनजे मशीन नाही फाडून ऱ्हायलं. तू फाडून ऱ्हायला."

मी इतकी वर्षं या अँपबद्दल वाचतोय, पण इतक्या कमी शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. मामांचा सगळा जन्म बटण मागे घेऊन दुसऱ्याचं फाटणं वाचवण्यात गेला: पुढारी ओरडला की हात बटणावर, कीर्तनकार हळू झाला की पुढे. इथे ते बटण वाजवणाऱ्याच्या बोटात आहे. रेकॉर्डिंगच्या चाचणीत नेमकं हेच तपासलं जात नाही, कारण तिथे बोट आधीच चालून गेलेलं असतं. सॉफ्टवेअरही हळू-जोरात ओळखतं, चांगलं ओळखतं, ते मी नाकारत नाही. पण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दोनवर ठेवलेला खरा अँप ते अजिबात ओळखत नाही, हे मात्र मीटरशिवाय सांगता येतं. म्हणजे लढत अँप विरुद्ध सॉफ्टवेअर अशी नव्हतीच. पुण्यात सॉफ्टवेअर जिंकतं. अकोल्याच्या घरी, आजूबाजूला मोकळी जागा, सहावर, हा डबा जिंकतो. बहुतेक. वीसपैकी चौदा वेळा.

"विकू का मामा?"

मला वाटलं होतं ते नको म्हणतील, जुन्या वस्तूंवर दोन शब्द बोलतील. तसं काही नाही. "तुयाकडं पुन्यात ठेवाचं असंन त विकून टाक. तापत नाही थे मशीन, नुसतं बसून सडते. इकडं ठेवून वाजवाचं असंन त ठेव."

घरी येऊन आईबाबांना सोलरचं आणि याचं एकत्र सांगितलं. गिऱ्हाईक, आकडा, सगळं. बाबा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, तुझे पैसे, तू बघ. आई म्हणाली, "एक उन्हाळा काढू. इतके काढले." एक उन्हाळा म्हणजे अकोल्याचा, जिथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि बिल त्याच्या मागोमाग. हा त्या अँपच्या किमतीतला असा भाग आहे जो पावतीवर छापलेला नाही, आणि तो मी भरत नाहीये. गिऱ्हाईकाला नाही म्हटलं. सोलरचं कर्जावर बघतोय. बँकेचा माणूस येत्या आठवड्यात येणार आहे.

अँप आता अकोल्यात, मागच्या खोलीत. 190 वर फिलामेंट उपाशी ठेवणं व्हॉल्व्हच्या तब्येतीला बरं नाही असं मामांचं म्हणणं, म्हणून सर्व्हो स्टॅबिलायझर घेतला. त्यामुळे मे महिन्याचा तो मऊ आवाज गेला, याचं वाईट वाटतं. पण व्हॉल्व्ह आता रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या ठिकाणी बनतात. 2022 मध्ये रशियातून निर्यात अडली तेव्हा जगभरचे गिटारवाले किराणा भरल्यासारखे व्हॉल्व्ह भरत होते. मामांनी मात्र माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यातून एक ईसीसी83 काढून दिला. म्हणजे तोच 12एएक्स7, युरोपियन नावाने. वर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का. मी तो पहिल्या जागी लावला. आवाज बदलला का? मला तरी कळला नाही. तसाच ठेवलाय.

दिवाळीत मामा अकोल्याला येणार आहेत, सोबत माळ्यावरचा भोंगाही आणतो म्हणालेत. त्यांना तो माझ्या अँपला जोडून पाहायचाय. भोंग्याचं युनिट सोळा ओमचं आहे आणि अँप आठ मागतो. थोडा वेळ चालून जातं म्हणतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं लागेल.